नकाशापासून दुकानाच्या पाटीपर्यंत : झूमचा हिशेब आधी करा

समजा, मुरबाडच्या एका दुकानदाराला मोबाइलवर पाठवण्यासाठी आठ सेकंदांची जाहिरात हवी आहे. आरंभी शहापूर आणि मुरबाड तालुक्यांचा रंगीत चित्रनकाशा दिसावा. एकीकडे माहुली किल्ला, दुसरीकडे माळशेज घाट. मग कॅमेरा थेट बाजारात उतरून दुकानाच्या पाटीवर थांबावा. कारागीर सगळा नकाशा एकाच कागदावर काढतो, स्कॅन करतो आणि संगणकावर मोठा करत नेतो. शेवटी नेमकी पाटीच फुटते. मेहनत वाया जाते, गिऱ्हाईक पैसे अडवून धरते.

म्हणून कागदाला हात लावण्यापूर्वी एक गुणाकार करावा. फुल एचडी चौकट १,९२० ठिपके रुंद असते. सोळापट जवळ जायचे तर मूळ चित्र ३०,७२० ठिपके रुंद हवे. तीन फुटी कागद इंचाला ३०० ठिपक्यांनी स्कॅन केला तर मिळतात १०,८००. म्हणजे साडेपाचपटीपर्यंतच चित्र स्वच्छ राहते. शिवाय ३०,७२० ठिपक्यांचे चित्र उघडताच संगणकाची दोन जीबींहून अधिक मेमरी खाते.

यावर उपाय म्हणजे सुमारे २६ इंच रुंदीचे दोन कागद. पहिल्यावर दोन्ही तालुके. दुसऱ्यावर पहिल्याच्या पाव रुंदीत मावणारा बाजार, बारकाव्यांसह. संगणकात दुसरा कागद पाव आकारात पहिल्यावर जागच्या जागी बसवावा, त्याच्या कडा विरळ कराव्यात आणि दोन्ही एकत्र बांधावेत. चित्र तीनपट झाले की दुसरा हळूहळू उमटवावा. चौपटीला तो पूर्ण दिसला पाहिजे. पुढची चौपट तोच सांभाळतो. दोन्ही मिळून मेमरी लागते जेमतेम पाव जीबी.

आता वेग. आकार दर सेकंदाला सारखा वाढवला तर पहिल्याच सेकंदात चित्र जवळजवळ तिप्पट होते आणि शेवटी रेंगाळते. त्याऐवजी दर दोन सेकंदांनी दुप्पट करावे : १००, २००, ४००, ८००, १,६०० टक्के. 'आफ्टर इफेक्ट्स'मध्ये यासाठी 'एक्स्पोनेन्शियल स्केल' ही सोय आहे. चार्ल्स व रे ईम्स यांच्या १९७७ च्या 'पॉवर्स ऑफ टेन' या लघुपटातही हेच तत्त्व आहे : दर दहा सेकंदांना दहापट.

तेव्हा काम घेतानाच गिऱ्हाइकाला विचारा, शेवटच्या चौकटीत काय दिसायला हवे? त्यावरून कागद किती लागतील ते ठरते, आणि कागदांवरून मजुरी. दोन चित्रांची मजुरी आधीच सांगितली तर नंतर वाद उरत नाही.