धूर निघतो, पण विस्तव का पडत नाही? लाकडावर लाकूड फिरवून आग पाडण्याची रीत

दोन काड्या घासल्या की आग लागते, असं मोबाईलवर बघून पोरांना वाटतं. प्रत्यक्षात हाताला फोड येतात, धूरही निघतो, पण विस्तव काही पडत नाही.

यात खाली एक फळी, तिच्यावर उभी वीतभर काठी आणि काठीला दोरीचा एक वेढा दिलेली कमान असते. कमान पुढं-मागं ओढली की काठी गरगर फिरते. वरून खळगा असलेला दगड दाबून धरतात. पूर्वी सुतार लाकडाला भोक पाडायला हीच युक्ती वापरत. यज्ञातलं अग्निमंथनही याच तत्त्वावर चालतं. तिथं कमान नसते, मंथ्याला गुंडाळलेली दोरी हातानं ओढतात. अरणी शमीवर उगवलेल्या पिंपळाची घ्यावी, असा संकेत आहे.

लाकूड कडक असलं की जास्त ताप होईल, हा समज चुकीचा. बाभूळ, साग इथं कामाचे नाहीत. नख दाबलं तर वण उठेल असं हलकं आणि खडखडीत वाळलेलं लाकूड लागतं. सावर, पांगारा किंवा बांधावरच्या घायपाताचा वाळलेला दांडा बघावा. ओलसर लाकडात सगळा ताप पाणी उडवण्यातच जातो, म्हणून पावसाळ्यात ही कसरत बहुतेक वेळा फसते.

खरी मेख खाचेत आहे. फळीवर काठीनं खळगा पडला की कडेपासून त्याच्या मध्यापर्यंत, भाकरीच्या आठव्या भागाएवढी खाच कापायची. घासून निघालेला भुसा तिथं साठतो. खाच नसेल तर भुसा इकडंतिकडं सांडून गार होतो. भुसा फिका तपकिरी असेल तर दाब आणि वेग कमी पडतोय. काळपट झाला की जमत आलं. साधारण 400 अंशांच्या आसपास तो धुमसायला लागतो. काठीच्या वरच्या टोकाला थोडं तेल चालतं, खालच्या टोकाला अजिबात नाही.

बहुतेक जण पहिला धूर दिसताच थांबतात, तिथंच फसतं. धूर दाट झाल्यावरही दहा-वीस हात जोरात मारायचे. काठी उचलल्यावरही भुशाचा ढीग आपोआप धुमसत राहिला, तर निखारा झाला. तो नारळाच्या शेंडीच्या किंवा कुसळी गवताच्या घरट्यात ठेवून हळू फुंकायचा.

हे उन्हाळ्यात कडब्याच्या गंजीजवळ करू नये. शेजारी पाण्याची बादली ठेवावी. लहानसा निखाराही गवतात पडला तर वाऱ्यावर बांध पेटायला वेळ लागत नाही.