अर्ध्यातलं अर्धं

कोड लिहिता लिहिता एडिटर कोसळला की बहुतेक मंडळी आधी तो काढून टाकतात आणि नव्याने बसवतात. मला या सवयीचा मनापासून राग आहे. नव्याने बसवल्यावर चालला तर पुरावा गेला, नाही चालला तर तासभर गेला.

पूर्वपीठिका भराभर उरकतो. मुंबई विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात ज्यांनी टर्बो सी केलं त्यांना ‘आधी एफ-टू, मग कंट्रोल-एफ-नाइन’ हा क्रम आठवत असेल. डॉसमध्ये मेमरीला संरक्षण नव्हतं. पॉइंटर भरकटला की एडिटरसकट मशीनच अडकायचं आणि सेव्ह न केलेलं सगळं जायचं. १९९१ साली आलेला विम मात्र २०० अक्षरं टाइप झाली किंवा हात ४ सेकंद थांबला की स्वॅप फाइलमध्ये नोंद करून ठेवतो. कोसळल्यावर ‘विम -आर’ दिलं की बरंचसं परत मिळतं. ईमॅक्सचीही अशी सोय आहे.

आता माझ्या आवडीचं. मुलुंडला बहिणीकडे गेलो होतो. भाच्याने एक ठरावीक फाइल उघडली की त्याच्या एडिटरची खिडकी पांढरी पडायची आणि बंद व्हायची.

“मामा, सगळं उडवून परत टाकू का?”

“थांब रे. आधी सगळी एक्स्टेन्शन्स बंद करून उघड.”

उघडली. निम्मी चालू केली, तरी ठीक. ती बंद करून उरलेली निम्मी चालू केली आणि खिडकी पांढरी. मग त्यांतली निम्मी. या रीतीने ६४ एक्स्टेन्शन्स असली तरी ६ फेऱ्यांत एकच उरतं. व्हीएस कोडमध्ये हे काम करून घेणारी ‘एक्स्टेन्शन बायसेक्ट’ नावाची आज्ञाच आहे. इथे आम्ही हाताने केलं. कंसांना रंग देणारं एक्स्टेन्शन निघालं. भाचा तेवढ्यावर खूश होता, मी नव्हतो. हीच फाइल का? मग फाइलचीही प्रत काढून तिचे अर्धे-अर्धे तुकडे करत गेलो. बहीण जेवायला हाका मारत होती. शेवटी एकच ओळ उरली: कुठेही न मोडलेला, लाखो अक्षरांचा जेसन मजकूर. एक्स्टेन्शन त्या ओळीतले कंस जुळवता जुळवता मेमरी संपवत होतं.

या पद्धतीचं मला माहीत असलेलं सर्वांत देखणं उदाहरण एका जोडाक्षराचं आहे. फेब्रुवारी २०१८ मध्ये तेलुगूतल्या ‘ज्ञा’च्या एका रूपाने आयफोन कोसळू लागले. मजकूर मांडण्याचं काम ॲपलचं कोअरटेक्स्ट करतं, त्यामुळे ते अक्षर दाखवायला जाणारं जवळपास कुठलंही ॲप पडायचं. मॅकवरही तेच. पवईच्या आयआयटीत शिकलेले आणि तेव्हा मोझिलात असलेले मनीष गोरेगावकर त्याच्या मागे लागले. स्वतःचा ब्राउझर पडू नये म्हणून ते अक्षरं स्पॉटलाइटच्या चौकटीत चिकटवून पाहत.

त्या अक्षराचे पाच घटक: ज, हलन्त, ञ, मग ‘झीरो-विड्थ नॉन-जॉइनर’ नावाचं न दिसणारं चिन्ह, आणि शेवटी आकार. व्यंजन बदलून पाहा, स्वर बदलून पाहा, लिपीच बदलून पाहा, असं करत त्यांनी एका अक्षराच्या तक्रारीतून नियम काढला. १५ फेब्रुवारीच्या लेखात तो आहे: तेलुगू, बंगाली आणि देवनागरी या तिन्ही लिप्यांत, दुसरं व्यंजन पहिल्याला मागून चिकटणारं असेल आणि त्याच्यानंतर ते अदृश्य चिन्ह व स्वर आला, तर कोसळणं आलंच, काही अपवाद सोडून. देवनागरीत असं मागून चिकटणारं व्यंजन म्हणजे ‘र’. आपल्या ‘प्रा’ आणि ‘क्रू’मधला! नेमक्या जागी ते चिन्ह घुसलं असतं, तर साध्या मराठी शब्दानेही फोन पडला असता. आणि पहिलं व्यंजनच ‘र’ असेल तर मात्र काही होत नव्हतं, कारण तिथे रफार होतो. शाळेत शिकलेलं व्याकरण दोष शोधायला असं कामी आलेलं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

१९ फेब्रुवारीला ॲपलने आयओएस ११.२.६ काढून दोष दुरुस्त केला. पण तेलुगूशी इतकं साम्य असूनही कन्नड लिपीत हे का घडत नव्हतं, हा प्रश्न गोरेगावकरांनी आपल्या लेखात खुलाच ठेवला होता, आणि मला तोच सर्वांत जास्त आवडतो.