डोळ्यातलं कुसळ सगळ्यांना माहितीये, पण ते उगवतं कसं आणि उगवायचं कशाला?

दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही. ही म्हण आपण शाळेपासून ऐकतोय. पण खरं कुसळ कधी पाहिलंय? डोंगरावरून फिरून आलात की पायमोज्यात घुसून टोचत राहतं ना, तेच. ज्या गवतावर ते येतं, ते कुसळी गवत. ठोंबाठोंबाने वाढणारं, आपल्या डोंगरउतारांवरचं अस्सल देशी गवत.

आता हे आठवायचं कारण म्हणजे चिखला. भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातलं हे गाव मॅंगनीजसाठी ओळखलं जातं. इथे मॉईलची भूमिगत खाण आहे. या पट्ट्यात मॅंगनीज काढताना निघालेला दगड-मुरूम खाणींच्या बाजूला साठतो आणि त्याच्या टेकड्या होतात. त्यात सेंद्रिय अंश आणि नत्र नावालाच असतं. पाणी टिकत नाही. पाऊस आला की बारीक माती थेट खालच्या नाल्यात आणि शेतात.

मग झाडं लावायची ना?

लावायचीच, पण नुसता खड्डा खणून रोप लावलं तर ते जगणं अवघड. नागपूरच्या 'नीरी' या संस्थेने नागपूर जिल्ह्यातल्या गुमगाव मॅंगनीज खाणीच्या ढिगाऱ्यांवर साखर कारखान्याची मळी आणि मुळांना मदत करणारे जिवाणू, बुरशी वापरून झाडं वाढवून दाखवली. म्हणजे आधी माती तयार करावी लागते. निसर्गात हे काम बऱ्याचदा गवत करतं. त्याची मुळं माती धरून ठेवतात, वाळलेली पानं कुजून खत होतं आणि ठोंबाच्या आडोशाला इतर बिया रुजतात.

कुसळाची गंमत काय?

हे बी स्वतःच स्वतःला पेरतं. त्याच्या टोकाला सुईसारखी अणी आणि उलटे केस, मागे पीळ पडलेली लांब शेपटी. दव पडलं की पीळ सुटतो, ऊन पडलं की पुन्हा बसतो. असं फिरत फिरत बी जमिनीत शिरतं. उलट्या केसांमुळे मागे येत नाही. वणवा वरून गेला तरी आत गेलेलं बी वाचू शकतं. अर्थात म्हणून आग लावायची नसते, उघडा पडलेला उतार पहिल्याच पावसात वाहतो.

लावायचं कसं?

पावसाळा संपताना कुसळं काळपट होऊन एकमेकांत गुंतली की गोळा करा. ताजं बी लगेच नीट उगवत नाही, त्याला काही महिने विश्रांती लागते. कोरड्या जागी ठेवा आणि पुढच्या मृगात पेरा. जमीन वरवर उकरा, बी पसरा, खोल गाडू नका. घाई असेल तर पावसाळ्याच्या सुरुवातीला जुना ठोंब मुळांसकट फोडून एक-दीड फुटावर लावा. ओळी उताराला आडव्या हव्यात. खत फारसं लागत नाही. पण पहिली एक-दोन वर्षं गुरं आत सोडू नका, इथेच बहुतेकांचा प्रयत्न फसतो.

चाऱ्यासाठी हवं असेल तर फुलोऱ्याआधीच कापा. उशीर झाला की कुसळं जनावरांच्या तोंडात, डोळ्यात आणि मेंढ्यांच्या लोकरीत घुसतात.

आणि हो, खाणीच्या ढिगाऱ्यावर स्वतःहून चढू नका. ते ढासळू शकतात, तिथलं काम खाणीच्या परवानगीनेच करायचं. आपल्या हातात आहे तो शेताचा धुरा, पडीक उतार आणि गावचं कुरण.

हवाई बेटांवर याच गवताला 'पिली' म्हणतात. तिथे पूर्वी त्याने घरं शाकारत, आता धूप थांबवायला ते लावतात. आपल्याकडे तर ते फुकटात उगवतं. फक्त टोचतं म्हणून आपण त्याला नावं ठेवत आलोय.