एका पेटीतील तीन यंत्रे

रेडिओ आणि कॅसेट एकत्र वाजवणाऱ्या संचाला मराठी घरांत ‘टू-इन-वन’ हे नाव रुळले आणि पुढे त्यात सीडीची भर पडली, तरी उचलून कुठेही नेता येणाऱ्या या पेटीकडे एकच वस्तू म्हणून पाहण्याची सवय कायम राहिली. वास्तविक तिच्यात तीन स्वतंत्र यंत्रे नांदत असतात: एक हवेतील लहरी पकडते, दुसरे प्रकाशाच्या साहाय्याने चकती वाचते आणि तिसरे चुंबकत्वाच्या साहाय्याने फीत वाचते. या तिघांत समाईक असतात ते वीजपुरवठा, क्षीण विद्युत्संकेत मोठा करणारा ॲम्प्लिफायर आणि दोन स्पीकर. यांपैकी कोणत्या यंत्राचा आवाज स्पीकरकडे जायचा हे ‘फंक्शन’ असे लिहिलेला खटका ठरवतो. अनेक संचांत रेडिओ बंद करण्याचे वेगळे बटणच नसते. खटका ‘टेप’वर आणला आणि कॅसेटची कोणतीही कळ दाबलेली नसली की संच बंद होतो, ही गोष्ट ठाऊक नसल्यामुळे पुष्कळांचे सेल विनाकारण संपलेले आहेत.

रेडिओ नीट लागत नाही अशी तक्रार असणाऱ्यांनी प्रथम हे लक्षात घ्यावे, की संचाला दोन अँटेना असतात आणि त्यांचे काम सर्वस्वी भिन्न असते. बाहेर ओढून लांब करायची दांडी एफएमसाठी असते. भारतात एफएमचे प्रसारण ८८ ते १०८ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात होते, तेथील लहरींची लांबी सुमारे ३ मीटर असते, आणि तिच्या चौथ्या हिश्श्याएवढी, म्हणजे सुमारे ७५ सेंटिमीटर लांबीची दांडी त्या उत्तम रीतीने पकडते. मध्यम लहरींसाठी मात्र या दांडीचा काही उपयोग नसतो. त्या लहरी पेटीच्या आत आडव्या बसवलेल्या, तारेचे वेढे असलेल्या फेराइटच्या कांडीवर पकडल्या जातात, आणि ही कांडी दिशेला संवेदनशील असल्यामुळे आकाशवाणीचे मध्यम लहरींवरील केंद्र क्षीण येत असेल तर दांडी हलवत न बसता अख्खा संचच हळूहळू फिरवावा. मोबाइलचे चार्जर आणि एलईडी दिवे यांच्यामुळे मध्यम लहरींवर खरखर वाढते, म्हणून अशा वेळी संच विजेऐवजी सेलवर चालवून पाहावा. दूरचे एफएम केंद्र ऐकताना ‘स्टिरिओ’चा खटका ‘मोनो’वर आणला की सळसळ पुष्कळच कमी होते, कारण डाव्या-उजव्या आवाजांतील फरक वाहून नेणारा संकेत दुर्बळ झाला की सर्वांत जास्त गोंगाट त्याच्याच वाटेने आत येतो.

सीडी हे तिघांतले सर्वांत कमी कटकटीचे यंत्र आहे. १९८२ साली बाजारात आलेल्या या १२ सेंटिमीटर व्यासाच्या चकतीवर ध्वनीची नोंद आतून बाहेर जाणाऱ्या सर्पिलाकार रेषेत असते आणि डोळ्यांना न दिसणारा लेझर-किरण ती खालून वाचतो. चकती पुसताना मधल्या छिद्राकडून कडेकडे सरळ पुसावी, गोलाकार कधीही पुसू नये. आडव्या ओरखड्यामुळे गेलेली थोडी माहिती यंत्र गणिताने भरून काढते, पण रेषेच्याच दिशेने गेलेला लांब ओरखडा सलग माहिती नष्ट करतो आणि तेथे गाणे अडखळते. छापील नाव असलेली बाजू टणक वाटते, परंतु परावर्तक धातूचा थर तिच्या लगेच खाली असल्यामुळे खरी जपणूक तिचीच करायला हवी.

कॅसेटच्या बाबतीत मात्र चालवणाऱ्याच्या हाताला महत्त्व येते. डच अभियंता लू ओटेन्स यांच्या नेतृत्वाखाली फिलिप्स कंपनीने घडवलेली आणि १९६३ साली बर्लिनच्या प्रदर्शनात मांडलेली ही कॅसेट ३.८१ मिलिमीटर रुंदीच्या फितीवर चालते. फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर वेगाने सरकते, आणि म्हणून प्रत्येक बाजूला तीस मिनिटे याप्रमाणे साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये सुमारे ८६ मीटर फीत लागते. हा वेग राखण्याचे काम कॅपस्टन नावाचा पोलादी दांडा आणि त्यावर दाबले जाणारे रबरी चाक मिळून करतात. वीज गेली किंवा खटका रेडिओवर फिरवला तरी ‘प्ले’ची कळ दाबलेलीच राहिली, तर ते चाक दांड्याला चिकटून तासन्‌तास दबून राहते, त्याला खळगा पडतो आणि पुढे प्रत्येक गाण्याचा सूर डळमळतो, याकरिता आधी ‘स्टॉप’, मग खटका, हा क्रम पाळावा. फितीवरील चुंबकीय भुकटी फीत वाचणाऱ्या हेडवर साचली की आवाज दबका येतो. अशा वेळी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेल्या कापसाच्या बोळ्याने हेड पुसले की तो पुन्हा खुलतो.

ध्वनिमुद्रणासाठी ‘रेकॉर्ड’ आणि ‘प्ले’ या कळा एकत्र दाबाव्या लागतात, आणि त्या दाबताक्षणी मुद्रण करणाऱ्या हेडच्या आधी बसवलेले दुसरे हेड फितीवरील जुना आवाज पुसत जाते. हा पुसलेला आवाज कोणत्याही उपायाने परत मिळत नाही. त्यावरचा बंदोबस्त कॅसेटच्या निर्मात्यांनीच करून ठेवलेला आहे: फितीची उघडी बाजू खाली आणि ‘अ’ बाजू समोर धरली असता वरच्या कडेला डावीकडे जी प्लास्टिकची छोटी पट्टी दिसते, ती तोडली की त्या बाजूवर ‘रेकॉर्ड’ची कळ दाबलीच जात नाही, कॅसेट उलटी केली की डावीकडे येणारी पट्टी दुसऱ्या बाजूची असते. पुढे कधी मुद्रण करायचेच झाले तर त्या खाचेवर चिकटपट्टी लावावी.

बाजारात विकत मिळालेली गाणी आज अन्य मार्गांनीही ऐकता येतात, परंतु घरी मुद्रित केलेले आजोबांचे कीर्तन, लग्नातली मंगलाष्टके किंवा लहान मुलाचे बोबडे बोल यांची जगात एकच प्रत असते आणि ती या फितीवर असते. चांगल्या प्रतीची नवी कॅसेट-यंत्रे आता क्वचितच बनतात. ज्यांच्या कपाटात अशा कॅसेटी पडून असतील त्यांनी प्रथम त्यांच्या दोन्ही पट्ट्या तोडाव्यात, फीत एकदा शेवटपर्यंत पुढे नेऊन परत मागे गुंडाळावी, आणि संचाच्या हेडफोनच्या खाचेतून तार जोडून तो आवाज संगणकात उतरवून घ्यावा. हे काम पुढच्या सुट्टीवर ढकलू नये.