डॉक्टर काय म्हणाले?

एका बाईंना रक्तवाढीसाठी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या आणि बजावले, ‘चहाबरोबर घेऊ नका.’ महिन्याने तपासले तर हिमोग्लोबिन जैसे थे! विचारले तर म्हणाल्या, ‘डॉक्टर, तुम्हीच म्हणालात ना, चहाबरोबर घ्या?’ चहातील टॅनिन लोहाला धरून ठेवते, मग ते आतड्यात नीट शोषले जात नाही. राग आला, खोटे कशाला सांगू? पण मी सांगत होतो तेव्हा बाई पिशवीत सुटे पैसे शोधत होत्या आणि माझे लक्ष पुढच्या रुग्णाकडे होते. आम्ही डॉक्टरही काही कमी नाही. डॉक्टर रुग्णाचे बोलणे सरासरी १८ सेकंदांतच तोडतात, असे १९८४ साली अमेरिकेतील एका पाहणीत आढळले होते.

आता मी रुग्णालाच विचारतो, ‘गोळी कधी आणि कशाबरोबर घ्याल, सांगा बघू.’ चूक तिथेच सापडते. आपणही डॉक्टरांसमोर असे म्हणून दाखवावे.

घरातले वृद्ध मात्र वारंवार ‘काय?’ विचारत असतील तर त्यांच्यावर खेकसू नका, आधी कान तपासून घ्या. काहींना नुसता मळ काढल्यानेही ऐकू येऊ लागते. तो घरी काडीने कोरू नये. आणखी आत जातो.