पिनअप स्पर्धेत पहिल्यांदा उतरताना : गैरसमज आणि वस्तुस्थिती

अमेरिकेत जुन्या मोटारींचं प्रदर्शन भरलं, की पुष्कळदा एका कोपऱ्यात छोटंसं स्टेज असतं आणि तिथे १९४० आणि ५० च्या दशकांतल्या वेषभूषेत बायका एकेक करून येतात. हीच विंटेज पिनअप स्पर्धा; पिनअप म्हणजे त्या काळी कॅलेंडरांवर छापली जाणारी, भिंतीवर टाचायची तरुणींची चित्रं. लास व्हेगासमध्ये १९९८ पासून भरणाऱ्या ‘व्हिवा लास व्हेगास’ या रॉकबिली संगीताच्या मेळ्यापासून लहान गावांतल्या एका दुपारच्या कार्यक्रमापर्यंत तिची अनेक रूपं आहेत. पहिल्यांदा नाव देऊ पाहणाऱ्या कित्येकजणी ऐकीव गोष्टींनी धास्तावून मागे फिरतात, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

धास्ती बहुतेक वेळा अंगकाठीची असते. कॅलेंडरवरच्या चित्रासारखी कंबर हवी, नाहीतर हसं होईल! पण ती चित्रं तयार कशी झाली ते बघा. चित्रकार गिल एल्वग्रेन हे त्या काळातलं मोठं नाव. ते स्टुडिओत मॉडेलचा फोटो काढत आणि कॅनव्हासवर येताना पाय लांबवत, कंबर आवळत. म्हणजे ज्या आकृतीशी तुम्ही स्वतःला तोलता, ती त्या मॉडेलचीसुद्धा नव्हती. झोई मोझर्ट ही चित्रकर्ती तर अनेकदा स्वतःच आरशासमोर उभी राहून स्वतःची मॉडेल होई. आणि चित्रकार डुएन ब्रायर्स यांची हिल्डा? लाल केसांची, चांगली गुबगुबीत, धांदरट आणि आनंदी. कॅलेंडरांवर ती वर्षानुवर्षं लोकांची लाडकी राहिली. आजच्या स्टेजवरही लेकुरवाळ्या असतात, पन्नाशी ओलांडलेल्या असतात, हातभर टॅटू असलेल्याही असतात.

‘अंगप्रदर्शन करावं लागतं’ हाही असाच समज. मोटारींच्या प्रदर्शनाला लोक मुलाबाळांसह येतात, त्यामुळे तिथल्या आयोजकांना सभ्य पोशाखच हवा असतो. स्विमसूटची फेरी असलीच, तर ती नियमांत लिहिलेली असते. पसंत नसेल, तर दुसरी स्पर्धा निवडा. आणि सगळी मोहिनी अंगप्रदर्शनातच असते असंही नाही. अभिनेत्री बेटी ग्रेबलचा १९४३ मधला फोटो सैनिकांमध्ये अफाट गाजला. त्यात ती पाठमोरी उभी राहून खांद्यावरून मागे बघत हसते आहे. स्विमसूट आहे खरा, पण लक्षात राहतं ते हसू.

कपड्यांबद्दल मात्र सविस्तर बोलायला हवं, कारण पैसे इथेच वाया जातात. अस्सल जुना ड्रेस हवाच, असं बहुतेक ठिकाणी नसतं. जुन्या धर्तीवर शिवलेला नवा ड्रेस चालतो, घरी शिवलेला तर कौतुकाचा ठरतो. खरी कसोटी काळ ओळखण्याची. महायुद्धात अमेरिकी सरकारनं १९४२ मध्ये कापडावर बंधनं घातली. त्यामुळे त्या वर्षांतले स्कर्ट गुडघ्यापर्यंतचे, कमी घेराचे आणि खांदे भरलेले. वारेमाप कापडाची उधळण आली ती फेब्रुवारी १९४७ मध्ये डिझायनर ख्रिस्तियान दिओरनं पॅरिसमध्ये नवं कलेक्शन दाखवल्यानंतर. आता कपाळावर युद्धकाळातले ‘व्हिक्टरी रोल’ (केसांच्या फुगीर गुंडाळ्या) आणि खाली जाळीच्या पेटीकोटानं फुललेला पन्नासच्या दशकातला फ्रॉक, ही जोडी जाणत्या परीक्षकाला लगेच खटकते. एक दशक धरा आणि केसांपासून बुटांपर्यंत त्याच दशकात राहा.

काळ नीट माहीत असला की खर्चही वाचतो. नायलॉनचे स्टॉकिंग मे १९४० मध्ये अमेरिकेच्या दुकानांत आले, पण अमेरिका युद्धात उतरताच नायलॉन पॅराशूटकडे वळलं. मग बायका पाय रंगवून पोटरीवर पेन्सिलनं मागची शिवण काढत. तुम्ही युद्धकाळ निवडला असेल, तर आयब्रो पेन्सिलची सरळ रेघ महागड्या स्टॉकिंगइतकीच अस्सल.

केसांना मात्र पर्याय नाही, वेळ द्यावाच लागतो. सकाळी उठून गरम कर्लरनं कुरळे केलेले केस दुपारच्या उन्हात सुटतात. आदल्या रात्री ओलसर केसांना सेटिंग लोशन लावून, बारीक बटा बोटावर गुंडाळून पिना लावा आणि केस पूर्ण वाळू द्या. आत ओल राहिली तर सगळं फुकट. सकाळी ब्रश फिरवताच केस भयंकर पिंजारतात आणि नवख्या मुली तिथेच रडकुंडीला येतात. थांबू नका. विंचरत राहा, हातानं दाबत राहा, थोड्या वेळानं त्यांच्याच लाटा बसतात. हे महिनाभर आधी दोन-तीनदा करून बघा.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मुलींना आणखी एक शंका असते : हे गोऱ्या बायकांचं, आपल्याला शोभेल का? त्या काळाची मुंबई काही कमी नखरेल नव्हती. बेगम पारा या मुंबईच्या अभिनेत्रीचे ‘लाइफ’ साप्ताहिकासाठी छायाचित्रकार जेम्स बर्क यांनी १९५१ मध्ये काढलेले फोटो बघाच, धीटपणा काय असतो ते कळेल. नियमांत बसत असेल तर पन्नासच्या दशकातल्या धर्तीची साडी आणि ब्लाउज घालून जरूर उभ्या राहा, फक्त परिचयात तो संदर्भ द्या. जुनी फॅशन घ्यायची, त्या काळातला वर्णभेद नाही, ही घोषणा या वर्तुळात आता अनेकजण उघडपणे देतात.

स्टेजवर फार काही करायचं नसतं : चालणं, वळणं, थांबणं आणि बहुधा एखाद्या प्रश्नाचं उत्तर. निवेदक तुमचा परिचय वाचतो, म्हणून तो तीन-चार वाक्यांचाच लिहा आणि नावाचा उच्चार त्याला आधी सांगा. बऱ्याचजणी स्टेजसाठी वेगळं नाव घेतात. नाट्यमयतेइतकाच त्यात खासगीपणाचाही फायदा असतो.

स्टेजखालचं वागणं मात्र सगळे बघत असतात. मालकाला विचारल्याशिवाय कुठल्याही मोटारीला टेकू नका. अंगठी, पट्ट्याचं बक्कल, पर्सची साखळी यांनी रंगावर ओरखडा उठतो आणि त्या रंगामागे माणसाची वर्षं गेलेली असतात. परवानगी मिळाली तरी उन्हात तापलेल्या क्रोमला उघडा दंड लावू नका. फोटोग्राफरनं संमतिपत्र पुढे केलं तर फोटो कुठे वापरणार, विकणार का, हे वाचूनच सही करा. पटलं नाही तर नकार देऊन पुढे जा, स्पर्धेतल्या गुणांशी त्याचा संबंध नसतो.