विश्लेषण : फुटबॉलमध्ये चेंडू ‘अडवायचा’ की ‘घ्यायचा’? लातूरच्या मैदानांवर ‘फर्स्ट टच’ आधी का शिकवायला हवा?

शाळेच्या मैदानावर फुटबॉल सुरू झाला की एक दृश्य हमखास दिसते. जमिनीवरून सरळ आलेला पास मुलाच्या पायाला लागतो, तीन-चार मीटर उडतो आणि थेट प्रतिस्पर्ध्याकडे जातो. कडेने आवाज येतो, ‘अरे, नीट अडव की!’ चूक नेमकी या शब्दापासून सुरू होते. फुटबॉलमध्ये चेंडू अडवायचा नसतो, घ्यायचा असतो. हा फरक काय आहे आणि लातूरसारख्या शहरात तो लहान वयातच शिकवणे का गरजेचे आहे, ते पाहू.

‘फर्स्ट टच’ म्हणजे काय?

पास मिळाल्यावर खेळाडूचा चेंडूला होणारा पहिला स्पर्श म्हणजे फर्स्ट टच. तो चांगला असेल तर चेंडू पायापासून एका पावलावर राहतो आणि पुढचा पास, ड्रिबल किंवा फटका मारायला वेळ मिळतो. तो बिघडला तर पुढचे काहीच करता येत नाही.

चेंडू पायावरून उडतो का?

याचे उत्तर शाळेतल्या भौतिकशास्त्रात आहे. क्रिकेटमध्ये झेल घेताना हात मागे घेतात, तसेच इथे आहे. येणाऱ्या चेंडूची ऊर्जा जितक्या जास्त अंतरात शोषली जाईल, तितके बल कमी लागते. पाय ५ सेंटीमीटर मागे घेऊन चेंडू थांबवला, त्याऐवजी २० सेंटीमीटर मागे घेत थांबवला, तर सरासरी बल एक चतुर्थांशावर येते. पाय खांबासारखा ताठ ठेवला तर चेंडू भिंतीवर आपटल्यासारखा परत जातो.

योग्य पद्धत कोणती?

आधी चेंडूच्या रेषेत या. जागेवर उभे राहू नका, दोन पावले चेंडूकडे जा. आधाराच्या पायाचा गुडघा किंचित वाकवा. दुसरा पाय बाहेरच्या बाजूला वळवून पावलाची आतली बाजू चेंडूसमोर धरा. पाऊल जमिनीपासून थोडे वर, बोटे किंचित वरच्या दिशेने. घोटा पक्का, पण मांडी आणि गुडघा सैल. स्पर्श चेंडूच्या मध्याला करा आणि त्याच क्षणी पाय मागे घ्या. पाऊल फार खाली गेले तर चेंडू वर उडतो. फार वर राहिले तर पायाखालून निसटतो.

अनेक मुले चेंडूवर तळवा ठेवून तो दाबतात. याने चेंडू थांबतो, पण खेळही थांबतो. म्हणून पुढचा टप्पा महत्त्वाचा. अंग थोडे आडवे ठेवायचे, शक्यतो लांबच्या पायाने चेंडू घ्यायचा आणि पहिल्याच स्पर्शात तो मोकळ्या जागेकडे वळवायचा. त्यासाठी पास येण्याआधी खांद्यावरून मागे पाहण्याची सवय लागते. नॉर्वेचे संशोधक गायर योर्डेट यांनी इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधील खेळाडूंचा अभ्यास केला. चेंडू मिळण्याआधी जास्त वेळा आजूबाजूला पाहणाऱ्या खेळाडूंचे पास जास्त यशस्वी होतात, असे त्यात दिसले.

लातूरमध्ये वेगळी अडचण काय?

पहिली अडचण जमिनीची. इथली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. त्यामुळे मैदानावर मुरूम टाकून रोलर फिरवला जातो. हिरवळ राखायला पाणी लागते आणि एप्रिल २०१६ मध्ये याच शहराला मिरजेहून ‘जलदूत’ रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले होते. टणक, खडबडीत जमिनीवर सरळ येणारा पास शेवटच्या क्षणी उसळतो. इथल्या मुलांना चेंडूवर शेवटपर्यंत नजर ठेवणे आणि लहान पावले टाकत जागा बदलणे जास्त शिकावे लागते.

दुसरी अडचण परंपरेची. कोल्हापुरात पेठा-तालमींचा फुटबॉल आहे. मुले मोठ्यांचे पाहून शिकतात. भारताच्या १७ वर्षांखालील विश्वचषक संघातला अनिकेत जाधव हा कोल्हापूरचाच. लातूरमध्ये ही जबाबदारी बहुतांशी शाळेच्या क्रीडाशिक्षकावर येते. त्या विश्वचषकाआधी, १५ सप्टेंबर २०१७ रोजी, राज्य सरकारने ‘महाराष्ट्र मिशन वन मिलियन’ उपक्रमात एकाच दिवशी १० लाख मुलांना फुटबॉल खेळवण्याचे लक्ष्य ठेवले होते. असे उपक्रम मुलांना मैदानावर आणतात. चेंडू पायाशी ठेवायला शिकवणे हे मात्र रोजचे काम आहे.

सरावासाठी काय लागते?

फारसे काही नाही. ४० मिनिटांच्या पीटीच्या तासात २२ मुलांना एका चेंडूवर सामना खेळवला, तर प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी दोन मिनिटेही येत नाहीत. त्याऐवजी दोघांत एक चेंडू देऊन पाच मीटरवर उभे केले आणि चार सेकंदांना एक पास धरला, तर १० मिनिटांत १५० पास होतात, म्हणजे प्रत्येकाला ७५ वेळा चेंडू घ्यायला मिळतो. चेंडू कमी असतील तर शाळेची भिंत हाच जोडीदार. नंतर दोन कोनांचे ‘दार’ ठेवून पहिल्या स्पर्शात चेंडू त्यातून न्यायला सांगावे. शेवटी तीनास एक किंवा चारास चार असा छोटा खेळ घ्यावा.

चेंडूही वयाप्रमाणे हवा. साधारण ८ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी ४ क्रमांकाचा चेंडू असतो. मोठ्यांचा ५ क्रमांकाचा चेंडू ४१० ते ४५० ग्रॅमचा असतो. तो हवा ठासून भरलेला असेल तर लहान मुले पाय पुढे करायलाच घाबरतात. अंगण सिमेंटचे असेल तर फुटसालचा चेंडू सोयीचा. नियमानुसार तो दोन मीटरवरून सोडल्यावर ५० ते ६५ सेंटीमीटरच उसळतो.

वयाचा प्रश्न का?

कारण लातूरमध्ये वेळ लवकर संपतो. ‘लातूर पॅटर्न’च्या शहरात आठवी-नववीपासून नीट आणि जेईईच्या फाउंडेशन बॅच सुरू होतात आणि संध्याकाळ मैदानाऐवजी शिकवणीत जाते. चौथी ते सातवी ही चार वर्षेच अनेक मुला-मुलींच्या हातात असतात. शरीराची सवय घडायलाही हेच वय अनुकूल मानले जाते.

पुढे कुणी संघात जाईल, कुणी जाणार नाही. पण ज्याच्या पायावरून चेंडू रोज उडतो, त्याला सोबती पास देणे बंद करतात आणि काही दिवसांनी ते मूल कडेला उभे राहू लागते. चेंडू घेता आला तर ते मूल खेळात टिकते. त्यासाठी आठवड्याच्या दोन तासांत सुरुवातीची दहा-दहा मिनिटे दिली, तरी सुरुवात होऊ शकते.